कोलमनचा खांदा

इनिशकोरा बेटाची मतपेटी उघडली आणि डिम्फना लाव्हेलच्या अंगाची लाही लाही झाली.

मुख्य भूमीवरच्या शाळेच्या खेळाच्या हॉलमध्ये मोजणी चालू होती. प्रत्येक गावाची पेटी वेगळी उघडतात, कागद टेबलावर पसरतात, आणि कठड्याला रेलून उभ्या असलेल्यांना कुठल्या गावानं काय केलं ते लख्ख दिसतं. बेटाची पेटी ती केवढीशी! कागदामागून कागद, आणि सगळ्यांवर कोलमन हेशनच्या नावापुढे पहिली पसंती. दुसऱ्या कुणाला दिलेला कागद एकच. तो डिम्फनाचा होता.

"शब्द देऊन फिरले मेले!" ती दातओठ खात म्हणाली.

कोलमन तीस वर्षं निवडून येत होता. आधी मासेमारी खात्याचा मंत्री, मग रस्त्यांचा, आता बंदरांचा. बेटाला बोटीचा धक्का बांधून देतो, हे तो पहिल्या निवडणुकीपासून सांगतोय. पायाभरणीचा दगड दोनदा बसवून झाला, दोन्हींवर शेवाळ चढलं. ओहोटीला बोट काही किनाऱ्याला लागत नाही. गेल्या हिवाळ्यात डिम्फनाच्या नवऱ्याच्या, मॅनसच्या छातीत कळ आली, तेव्हाही ओहोटीच होती. चौघांनी त्याला पाण्यातून बोटीकडे नेलं. बोटीत ठेवेपर्यंत तो गेला होता.

मयताला कोलमन आला. तो कुणाचं मयत चुकवत नाही. काळा कोट, डोळ्यांत पाणी, आणि शवपेटीला सगळ्यात पुढे खांदा. त्यानंतर डिम्फना घरोघर फिरली. या खेपेला कोलमनला बेटावरून एक मत नाही, असं चर्चच्या पायरीवर सगळ्यांनी तिच्या हातावर हात ठेवून कबूल केलं होतं.

"काय डिम्फना!" कोलमन हसत कठड्यापाशी आला. "तुमच्याकडचं एक मत चुकलं बघ. कुणा म्हाताऱ्याची नजर अधू झाली असेल."

"नजर आत्ता कुठे ठिकाणावर आलीय माझी. धक्का कुठाय, कोलमन?"

"अगं, फाईल पुढे सरकलीय."

"तीस वर्षं सरकतेय, एव्हाना अमेरिकेला पोचली असती!"

आजूबाजूचे खो खो हसले. कोलमनही हसला, तिचा खांदा थोपटला आणि पुढच्या माणसाशी हात मिळवायला गेला. डिम्फनाला वाटलं, त्यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

संध्याकाळी मोजणी बघायला आलेले बेटावरचे सगळे बोटीनं परत निघाले. किनारा हाकेच्या अंतरावर आला आणि बोट थांबली.

"ओहोटी आहे," बोट चालवणारा फेस्टी म्हणाला. "भरती येईपर्यंत बसा."

"बसा!" डिम्फना उसळलीच. "मारा धक्क्यावर उड्या! फेस्टी, मॅनसला पाण्यातून नेताना तू तर त्याचे पाय धरले होतेस रे. तुला लाज कशी वाटली नाही?"

"त्यानं माझ्या आईचं पेन्शन करून दिलं," फेस्टी खाली मान घालून पुटपुटला.

"अरे गाढवा, ते तिच्या हक्काचं होतं! पोस्टानं येणारच होतं. पत्र यायच्या आदल्या दिवशी हा फोन करतो, झालं काम म्हणून सांगतो, आणि तुम्ही त्याच्या पाया पडता!"

डिम्फना सासूकडे वळली. पेग लाव्हेल शाल लपेटून कोपऱ्यात बसली होती.

"आई, तुम्ही? तुम्हीसुद्धा?"

म्हातारी रुमालाशी चाळा करत म्हणाली, "त्यानं माझ्या पोराला खांदा दिला गं. एवढा मंत्री असून. त्याला नाही कसं म्हणू?"

"खांदा!" डिम्फनाचा आवाज फाटला. "अहो, धक्का असता तर खांद्याची वेळ आली असती का?"

वारा बोचत होता, म्हातारीचे दात वाजायला लागले. डिम्फनानं बूट काढून फेकले आणि सरळ पाण्यात उडी मारली. पाणी कमरेइतकं होतं, बर्फासारखं गार.

"या, बसा पाठीवर."

"अगं, लोक बघतायत."

"बघू देत की! इथे गारठून मरायचंय? मग येईलच तो खांदा द्यायला."

फेस्टीनं गुपचूप म्हातारीला खाली उतरवलं. डिम्फना तिला पाठीवर घेऊन, दगडांवर पाय चाचपत निघाली. अर्ध्या वाटेत म्हातारी तिच्या कानाशी बोलली. मॅनस गेला त्या दिवशी ती घरीच जप करत बसली होती.

"त्याला इथूनच नेलं का गं?"

"इथूनच. त्या खडकापर्यंत तुमचं नाव घेत होता."

म्हातारीचे हात तिच्या गळ्याभोवती घट्ट आवळले गेले.

"वाटोळं होवो त्या कोलमनचं," ती शेवटी म्हणाली.

"आता म्हणताय!" डिम्फना ओरडली. "मोजणी झाल्यावर!"

आणि तिला तशीच पाठीवर घेऊन किनाऱ्याकडे चालत राहिली.