मालाईचे कान

"खालून ठोकतंय हो. वरचं काही उघडू नका."

कोशिंबिरीसाठी कच्ची पपई कुटता कुटता मालाई हे उखळापाशी बसूनच सांगायची. तिच्या नवऱ्याला, बुनलुएकाकांना, ते तिच्या ओठांवरून कळायचं. कान केव्हाच गेले होते त्यांचे. गाडी अंगणात आली की ती ऐकायची, ते उघडायचे; गॅरेज दोघांचं, गुपितही दोघांचं.

तिला जाऊन दोन पावसाळे झाले. ताट एकच, चटईही एकच. माणसांचं बोलणं काका अजून ओठांवरून टिपतात. इंजिनाला ओठ नसतात.

पिकुननं जुनी पिकअप घेतली, डोंगरावरच्या पोरांना खाली शाळेत न्यायला. पहिल्याच दिवशी इंजिन खडखडलं म्हणून ती इथे आली. काकांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. मग म्हणाले, "गाडीची देवी रुसलीय. मालक बदलला, तिला कुणी विचारलं नाही. हार घाल."

गावात हे कुणालाही पटलं असतं. पिकुनलाही पटलं. तिनं आरशाला झेंडूचा हार बांधला, उदबत्त्या लावल्या, लाल सरबताची बाटली ठेवली.

आज दुपारी ती परत आली.

"काका, एवढं सरबत पाजलं, देवीला मधुमेह व्हायचा आता. खडखड आहे तशीच. चढावर तर वाढते."

काका हसले.

"हसू नका. उद्या पोरं बसणार मागे. तुम्ही हो म्हणालात तर नेते, नाही म्हणालात तर गाडी इथेच. तुमच्या कानांवर सोडलंय सगळं."

काकांनी पुन्हा स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावली. तळहाताला थरथर लागत होती, पण कुठली, कशाची, ते सांगणारं कुणी नव्हतं. आणखी एक हार सांगितला की ही जाईल. जाईल, आणि उद्या घाट उतरेल.

त्यांनी डोळे उघडले. पिकुनचे ओठ हलले, "काय म्हणतेय देवी?"

"देवीचं मी आपलं रचून सांगितलं," काका म्हणाले. स्वतःचा आवाज किती मोठा निघाला, त्यांना कळलं नाही. "गाडी न्यायची नाही. इथे माझ्यासमोर उभी राहा, आवाज कसा येतो ते तू सांग. मला ऐकू येत नाही, पोरी. मालाई ऐकायची."