राणीच्या जागी

"गफूरभाई, आधी बाईंना खाली घ्या, मग राजाचं बघू," वासंती शिडी धरून म्हणाली.

कुवेतच्या जाब्रिया भागातल्या एका इंग्लिश शाळेत, रिसेप्शनच्या मागच्या भिंतीवर, इंग्लंडची राणी चोवीस वर्षं हसत होती. सप्टेंबरात ती गेली तेव्हा शाळेने फ्रेमच्या कोपऱ्याला काळी रिबन बांधली, आणि मग आठ महिने कुणाला काही सुचलं नाही. आता शनिवारी तिच्या मुलाचा राज्याभिषेक, म्हणून गुरुवारी शाळा सुटल्यावर फोटो बदलायचं ठरलं. वासंती शाळेची सेक्रेटरी, पुण्याची. गफूर अम्गऱ्यातल्या फ्रेमच्या कारखान्यातला जुना कारागीर, हर्णैकडचा. दोघांना मराठी बोलायला मिळायचं, त्यामुळे काम जरा रेंगाळलं तरी कुणाची तक्रार नव्हती.

गफूरने फ्रेम टेबलावर पालथी घातली, मागचे बारीक खिळे पकडीने उपसले, काच पुसली. राजाचा फोटो राणीच्या फोटोवर ठेवला, चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के केले आणि पाठ बंद करून टाकली.

"अहो, बाई आतच राहिल्या की!"

"राहू द्या ताई. मागं कडक कागद लागतोच. जुना असला की नवा सरळ बसतो, फुगत नाय." त्याने काचेवरचा स्वतःच्या बोटाचा ठसा पुसला. "या शहरातली कुठलीपण फ्रेम उघडा, आत आधीचा साहेब सापडंल."

वासंती खळखळून हसली आणि तेवढ्यात प्रिन्सिपॉल मॅडम आल्या. त्यांनी राजाकडे पाहिलं, मान हलवली, आणि राणी कुठे म्हणून विचारलं. वासंतीने जीभ चावली. राणीचा फोटो लायब्ररीत लावायचा, असं मॅडमनी सोमवारीच सांगितलं होतं आणि ती गफूरला सांगायची साफ विसरली होती.

गफूरने काचेवर बोट ठेवलं. "बिहाइंड, मॅडम."

मॅडम रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या नुसत्या हळू आवाजात दोन वाक्यं बोलल्या आणि आत गेल्या.

"तिला तिची स्वतःची जागा हवी, म्हणतात," वासंती म्हणाली. "चूक माझी हो, गफूरभाई."

त्याने पुन्हा खिळे उपसले. पट्टी ब्लेडने अलगद सोडवताना राणीच्या एका कोपऱ्याचा पापुद्रा निघालाच. इतक्या वर्षांत दोन फोटो वेगळे करायची वेळ त्याच्यावर कधी आली नव्हती. राजाला भिंतीवर चढवून, राणीची सुरळी काखेत मारून तो बाहेर पडला. रविवारी तिला नवी फ्रेम करून आणायची होती.

कंपनीच्या गाडीत तो बसतो न बसतो तोच फोन वाजला. गावाहून हफिजा, धाकटी बहीण. या आठवड्यात रोजच वाजत होता.

"भाय, मैमूनाचा भाऊ उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर आमच्याकडं येणार हाय. काय सांगू त्याला?"

गफूरची बायको खतिजा त्याच सप्टेंबरात वारली, राणीच्या मागोमाग आठवड्याभराने. तो तिसऱ्या दिवशी पोचला तेव्हा कबरीवरची माती सुकायला लागली होती. लग्नानंतर चार महिन्यांत तो कुवेतला आला होता. दोन वर्षांतून एकदा दोन महिने सुट्टी. म्हणजे एकतीस वर्षांच्या संसारात ती दोघं एका छपराखाली राहिली ती जेमतेम पावणेतीन वर्षं. त्यांच्या घरात गेलेल्या माणसाचा फोटो भिंतीवर लावत नाहीत. आयुष्यभर लोकांचे राजे भिंतीवर चढवणाऱ्या गफूरकडे बायको होती ती फोनमध्ये, तीही एका लग्नाच्या पंगतीत, कुणाच्या तरी खांद्याआडून बघणारी. आणि आता डिसेंबरात त्याचा इकामा, तिथे राहायचा परवाना, संपत होता. साठीनंतर मालक तो वाढवणार नव्हता. गफूर कायमचा घरी जाणार होता आणि घरात कुणी नव्हतं, मूलबाळही नव्हतं. हफिजाने म्हणून त्याच्या निकाहासाठी शेजारच्या गावातली मैमूना पाहिली होती, विधवा, गरीब स्वभावाची.

"एवढ्या घरात एकटा काय करशील? जेवण कोण करंल?"

"एकतीस वर्षं खोलीत पाळीने जेवण करतोय मी."

"जेवणाचं नाय बोलत मी, भाय."

त्याने काखेतली सुरळी मांडीवर आडवी ठेवली.

"त्या राणीचा मुलगा त्याच दिवशी राजा झाला म्हणे. एक दिवस जागा रिकामी नाय ठेवली. तुला तर आठ महिने झाले. कोण नाव ठेवणार हाय?"

गफूरला हसू आलं आणि त्याचाच त्याला राग आला. "हफिजा, दर सुट्टीत निघताना मी खतिजाला काय सांगायचो? पुढच्या खेपंला कायमचा येतो. ती बॅग उचलून दारापर्यंत यायची नि हो म्हणायची. एकदापण भांडली नाय ती." त्याचा आवाज फाटला. गाडीतल्या बाकीच्यांची त्याने पर्वा केली नाही. "आता कायमचं यायचं ते तिच्यासाठी यायचं होतं. ती पुढची वर्षं तिची. ती उचलून मैमूनाला कशी देऊ? ती बिचारी माझ्यासमोर ताट ठेवंल नि मी मनात खतिजाशी बोलत बसंन. तिनं काय पाप केलंय?"

 पलीकडे हफिजाने नाक ओढलं.

"नाय म्हणून सांगते मग त्याला."

"सांग. पण चांगल्या शब्दांत सांग. तिच्यात काय खोट हाय म्हणून नाय, असं सांग."

"हो." ती म्हणाली. "घर झाडून ठेवायला बाई बघते. तिकडचे किती दिवस उरले रे तुझे?"

गफूरने तोंड उघडलं, पण त्याला आकडा सांगता येईना. आजवर प्रत्येक सुट्टीचे दिवस तो सहा-सहा महिने आधीपासून मोजायचा, खोलीतले लोक त्यावरून त्याची थट्टा करायचे. या वेळी त्याने मोजायला सुरुवातच केली नव्हती.