नोटिशीविना

पट्टा थांबवणारं बटण वहिनींनी दाबलं नव्हतं. त्या नुसत्या खाली बसल्या होत्या. मग शेजारची बसली, मग तिच्या पलीकडची. दिव्यासमोर एकेक बाटली पारखणारं कुणी उरलं नाही, तशा बाटल्या पट्ट्याच्या टोकाला साचल्या, एकमेकींवर आपटून फुटू लागल्या. शेवटी सुपरवायझरनेच पट्टा बंद केला.

युनियनचा सेक्रेटरी पोहोचला तेव्हा दुपार झाली होती. बावीस बायका भिंतीला टेकून, पाय पसरून बसल्या होत्या. थोरला भाऊ गेल्यावर याच पट्ट्यावर काम करून ज्यांनी त्याचं शिक्षण पुरं केलं, त्या त्याच्या वहिनी कडेला होत्या. त्यांचे घोटे सुजले होते. त्याने नजर दुसरीकडे वळवली.

"कंपनीने तुमची बसायची स्टुलं काढून नेली, ते चुकलंच," तो म्हणाला. "पण नोटीस न देता काम बंद पाडलं की संप बेकायदा ठरतो. चौदा दिवस आधी..."

"गुडघ्यांनी आम्हाला कुठे नोटीस दिली?" वहिनींशेजारची चष्मेवाली म्हणाली. दोघीतिघी हसल्या, हसण्यात जोर नव्हता.

तो उभ्यानेच समजावू लागला. निवडणूक दोन महिन्यांवर आलीय. आपली माणसं सत्तेत आली तर कायदाच बदलेल, एका खात्यापुरता नाही, सगळ्या कारखान्यांसाठी. हे तो मनापासून बोलत होता. असे कितीतरी भडके विझताना त्याने पाहिले होते. नंतर कामावरून काढलेल्यांच्या घरी जायची वेळ त्याच्यावरच येई.

"मागच्या खेपेलाही आपलीच माणसं आली होती," चष्मेवाली म्हणाली.

"तेव्हा बहुमत नव्हतं."

"आमचे पाय तेव्हाही दुखत होते."

"अहो, पण असं कुणाला न विचारता उठायचं म्हणजे..."

"उठलो कुठे? बसलोय."

त्याने रुमालाने मान पुसली. वहिनी उठल्या की बाकीच्या उठतील, असं त्याने गेटपाशीच मनाशी धरलं होतं.

"वहिनी, तुम्ही तरी ऐका."

"तुम्हाला वरून बोलणी बसतील का, भाऊजी?"

"बसतील."

भिंतीचा आधार घेत त्या उठल्या आणि पट्ट्याजवळ, दिव्यासमोर आपल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या.

मागून कुणीच उठलं नाही. त्यांना कुणी बोललंही नाही. चष्मेवालीने फक्त त्यांच्या रिकाम्या जागेवर आपली पिशवी ठेवली, जागा राखून ठेवावी तशी.

सुपरवायझरचा हात बटणाकडे गेला. "चालू करू? एकीवर?"

सेक्रेटरीने वहिनींकडे पाहिलं. त्या पट्ट्याची कड धरून एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या.

"नको," तो म्हणाला आणि त्यांच्याजवळ गेला. "बसा तुम्ही."

"हे युनियन म्हणतेय, की तुम्ही?"

त्याने काखेतली फाइल पट्ट्यावर ठेवली.

"मग हात द्या," वहिनी म्हणाल्या. "उठण्यापेक्षा बसायलाच जास्त त्रास होतो."