तीस दिवसांचं प्रशिक्षण

सकाळी डबा भरता भरता तिने फोन लावला. लेक तीन वर्षांची, दुसऱ्या गावी आजीकडे राहणारी. "आई, कधी येणार?" या प्रश्नाला ती रोजच्यासारखं "लवकर" म्हणाली. खरं तर लेकीच्या गावच्या दवाखान्यात तिला नोकरी मिळाली होती, एक तारखेला मूळ सर्टिफिकेटं घेऊन हजर व्हायचं होतं. पण सर्टिफिकेटं इथल्या हॉस्पिटलच्या कपाटात अडकली होती.

ती डायलिसिसची टेक्निशियन. रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्रांवर सहा वर्षं काम करूनच ती इथे आली होती. तरी नोकरी देताना हॉस्पिटलने मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली आणि बाँड लिहून घेतला: तीस दिवसांचं प्रशिक्षण दिलं, सबब तीन वर्षं सोडून जायचं नाही, गेल्यास दहा महिन्यांचा पगार भरायचा. जामीन म्हणून सही मामाची, ज्याच्या घरी ती राहत होती. आणि प्रशिक्षण काय? पहिल्या सकाळी कापूस कुठे ठेवतात ते दाखवलं, दुपारी चार पेशंट तिच्या गळ्यात घातले!

मामा जन्मभर कचेरीत टायपिंग केलेला माणूस. छापील कागद दिसला की त्याची मान आपोआप खाली जाई.

"सही केलीस ना? मग निमूट तीन वर्षं पुरी कर, दोन तर झालीच. माझं घर जप्तीत घालू नकोस, बाई."

"पण मामा, मला शिकवलं काय त्यांनी?"

"कागदावर लिहिलंय ना, शिकवलं म्हणून!"

तिने डबा उचलला.

चार नंबरच्या खुर्चीवर वकीलकाका असत, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. सुई लावताना तिने भीत भीत बाँडचं विचारलं.

"खरंच शिकवलं असेल, तर वाजवी खर्च मागता येतो," काका म्हणाले. "पण घाबरवायला लिहिलेला आकडा कोर्ट असा उचलून हातात देत नाही. शिकवल्याचा पुरावा लागतो. अन् सर्टिफिकेटं दाबून ठेवायचा यांना काय अधिकार? पण पोरी, तुम्ही कोर्टात जातच नाही. त्यावरच यांचं दुकान चालतं."

दुपारी इन्चार्जबाईंनी तिला बोलावलं. दाराबाहेर आजच रुजू झालेल्या तीन मुली फायली छातीशी धरून उभ्या होत्या. टेबलावर तीन फॉर्म होते. 'तीस दिवसांचे प्रशिक्षण दिले', खाली शिकवणाऱ्याच्या सहीची जागा कोरी.

"तू सीनियर. सह्या कर आणि तुझी सर्टिफिकेटं घेऊन जा. बाँड मी फाडते."

"पण या आजच आल्यात. तीस दिवस कधी झाले?"

"तुझे कधी झाले होते?" बाई हसल्या.

दोन वर्षांपूर्वी तिच्या स्वतःच्या फॉर्मवर सही करणारी मुलगी त्याच आठवड्यात नोकरी सोडून गेली होती. तेव्हा सगळ्या म्हणाल्या होत्या, नशीबवान आहे हो, सुटली!

तिने पेन उचललं. लेक आठवली, फार आठवली. मग तिन्ही फॉर्मवर तिने लिहिलं, 'प्रशिक्षण दिलेले नाही', आणि खाली ठसठशीत सही केली.

"सर्टिफिकेटं विसर आता!" बाई ओरडल्या.

बाहेर मुली वाट पाहत होत्या. "ताई, बाँड साधाच असतो ना?" एकीने विचारलं. ताईने सगळं सांगितलं. दोघींच्या बाँडवर सह्या आधीच झाल्या होत्या, त्या खाली बघू लागल्या. तिसरीने पेनाला टोपण लावलं.

घरी आल्यावर तिने मामाला सगळं सांगितलं. तो आधी संतापला. मग चष्मा लावून त्याने बाँडची प्रत मागितली. आयुष्यात हजारो कागद टाइप केले होते, पण ज्यावर स्वतः सही केली तो कागद तो आज पहिल्यांदा वाचत होता. वाचता वाचता त्याचं बोट 'प्रशिक्षण' या शब्दावर थांबलं.

"पण पोरी," तो हळूच म्हणाला, "तुला शिकवलं काय त्यांनी?"

ती रडायलाच लागली. हे विचारायला घरातल्या माणसाला दोन वर्षं लागली होती. वाचकहो, तुमच्या घरी असा कागद सहीला येईल, तेव्हा तुम्ही हे कधी विचारणार?