वफादारच्या चेहऱ्यावरचं तेज

आमच्या कसब्यातल्या लोकांना हाड सुजलेलं कळत नाही, तेज आलेलं मात्र लगेच कळतं. वफादारच्या डोळ्यांखाली दोन्ही बाजूंना टेंगळं आली, तेव्हा बायका त्याच्या गालांवरून हात फिरवून स्वतःची बोटं चुंबायला लागल्या. "नूर उतरलाय चेहऱ्यावर," म्हणायच्या. मला ते गाल बघवत नव्हते, पण माझं ऐकतंय कोण?

वफादार म्हणजे आमचा दुलदुल, करबल्यात शहीद झालेल्या आमच्या मौलांच्या, म्हणजे इमामांच्या घोड्याचं रूप. मोहरमच्या दहाव्या तारखेला पाठीवर रिकामं खोगीर आणि अंगावर लाल डागांची पांढरी चादर घेऊन तो इमामबाड्यापासून निघतो, आणि त्याच्यामागे सगळा कसबा छाती पिटत रडतो. बाकी वर्षभर त्याला काम नाही. त्याच्यावर कुणी बसत नाही. बसायचं मनात आणणारा आमच्यात जन्मलाच नाही. त्याचा सांभाळ आमच्या घराकडे. आधी सासरे बघायचे, आता माझे मियाँ, मुंतझिर हुसैन. ह्यांनी त्याला शिंगरू असताना बाटलीनं दूध पाजलंय. आमचा रझा पहिलं पाऊल टाकताना त्याचाच पाय धरून उभा राहिला होता. आता रझा सौदीत आहे, आणि ह्यांना दिवसभर बोलायला तो घोडाच उरलाय. बायको आहे, पण ती उलट उत्तर देते.

काम नसलं तरी खाणं मात्र अखंड चालू. ज्याच्या हातचं वफादार खाईल त्याचा नवस कबूल, ही आमच्याकडची जुनी श्रद्धा. करबल्याच्या रणात मौलांचा घोडा तहानलेला राहिला, म्हणून ह्याला कुणी उपाशी बघूच शकत नाही. कुणी दुधात बुडवलेली जिलबी आणतं, कुणी भिजवलेली चणाडाळ. त्याचे दात झिजले तसा गिरणीवाला तस्लीम रोज बादलीभर गव्हाचा कोंडा पाठवायला लागला. पाण्यात कालवला की मऊ, म्हाताऱ्याला चावायचे कष्ट नकोत. मग वफादारनं गवताकडे बघणंच सोडलं. समोर जिलबी असताना मी तरी सुकी भाकरी कशाला खाईन?

मग तो लंगडायला लागला. आज हा पाय, उद्या तो. ह्यांनी तालुक्याहून जनावरांच्या डॉक्टरांना, त्यागीसाहेबांना बोलावलं. त्यांनी वफादारचा जबडा चाचपला, एक दात हलवून बघितला आणि हात धुतले.

"मुंतझिरभाई, हे तेज नाही. हाड मऊ पडून फुगलंय. तोंडाचं दिसतं, पायांचं दिसत नाही एवढंच."

"असं कसं होईल डॉक्टरसाहेब? आम्ही ह्याला कधी उपाशी ठेवलं नाही."

"उपाशी ठेवलं असतंत तर बरं झालं असतं. कोंड्यात चुना जवळजवळ नसतो, आणि दुसरीकडून मिळालेलाही तो अंगी लागू देत नाही. रक्ताला तर चुना लागतोच. मग ते हाडांतून काढून घेतं. घराचे वासे काढून चूल पेटवायची, तसं चाललंय ह्याचं. त्यात वय झालेलं, आणि सगळं आयुष्य जागच्या जागी उभं."

कोंडा, डाळ, जिलबी बंद. हिरवा चारा बारीक कापून द्यायचा, वर औषधी चुन्याची भुकटी, आणि मऊ मातीत थोडं फिरवायचं. "आणि यंदा जुलूसमध्ये नेऊ नका," डॉक्टर जाताना म्हणाले. "फरसबंदीवर पाय अडखळला तर मोडेल. मोडला तर मी जोडू शकणार नाही."

ह्यांनी सगळं मनावर घेतलं. ज्या माणसानं लग्नापासून कांदा कापला नाही, तो अंगणात बसून बरसीमचा हिरवा चारा कापायला लागला. लोक येता-जाता काही भरवतील म्हणून वफादारच्या तोंडाला जाळीची मुसकी बांधली. पहिले काही दिवस त्यानं चाऱ्यावर नुसतं फुरफुरून घेतलं, मग खायला लागला. एका सकाळी तो मातीत चार पावलं सरळ चालला, आणि हे मला उठवायला आले. मी लग्नानंतर ह्यांना इतकं खूश बघितलं नव्हतं.

पण कसब्याची जीभ कोण बांधणार? तस्लीमची बादली मी परत पाठवली, तर तो चौकात सगळ्यांसमोर म्हणाला, "यझीदनं करबल्यात मौलांचं पाणी तोडलं होतं, आपल्या मुंतझिरमियाँनी जिलबी तोडली." लोक हसले. हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण मोहरमच्या तोंडावर इशरत आपा आल्या. शेजारच्याच. सासूबाई वारल्यावर ह्यांना आपांनीच भरवून वाढवलं. त्यांचा नातू दिल्लीत इस्पितळात पडला होता, दोन्ही मूत्रपिंडं निकामी. हातात दूध-जिलबीचा वाडगा होता.

"मुन्ने, एकच घास. ह्यानं खाल्लं की मी गप घरी जाते."

"आपा, डॉक्टरांनी मनाई केलीय."

"दिल्लीचे डॉक्टर पण बरंच काही बोलतात. मी कुणाकुणाचं ऐकू? बाळा, तुला मी कधी नाही म्हटलं होतं का?"

ह्यांनी मुसकी सोडली. वफादारनं वाडगा चाटून लख्ख केला. आपा त्याच्या गळ्याला मिठी मारून रडल्या. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात रांग लागली. आपांना हो आणि आम्हाला नाही, हा कुठला न्याय? मुसकी खुंटीला गेली ती गेलीच. कोंड्याची बादलीही परत आली. त्यात जुलूस काढणाऱ्या अंजुमनचे लोक येऊन बसले. दुसरा घोडा आणायचा तर तो गर्दीत बुजेल, कुणाला तुडवेल, वफादारच हवा. ह्यांनी हो म्हणून मान हलवली.

"तुम्हाला नाही म्हणता येत नाही," मी म्हटलं, "आणि त्याची किंमत तो मुका जीव देणार."

"कनीज, मला लोक यझीद म्हणू देत. पण उद्या ते पोर गेलं आणि आपांना वाटलं की मुंतझिरनं घास नाकारला म्हणून गेलं, तर?"

मला त्यांचा राग आला. तो अजून आहे.

दहाव्या तारखेला वफादारला सजवून बाहेर काढला. इमामबाड्याच्या फाटकाबाहेर विटांचा उतार आहे, तिथे मी बायकांमध्ये उभी होते. त्याचा पुढचा पाय जरासा सरकला. ऊस मोडल्यासारखा आवाज आला आणि तो गुडघ्यांवर खाली आला.

गर्दीतून एकच आक्रोश उठला. लोकांना वाटलं, दुलदुलला मौलांचं दुःख अनावर झालं. पुरुष अधिक जोरानं छाती पिटायला लागले. हे जमिनीवर बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि लहान पोरासारखे रडले. त्यांना बघून लोक आणखी रडले. मी खुराकडे बघत होते. ते भलत्याच दिशेला वळलेलं होतं.

तेवढ्यात इशरत आपा गर्दी सारत पुढे आल्या. हातात तोच वाडगा.

"आपा, नको," मी त्यांचा पदर धरला. "त्याचा पाय गेलाय."

त्यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी वाडगा त्याच्या तोंडाशी धरला. वफादारचं सगळं अंग थरथरत होतं, डोळे पांढरे झाले होते. तरी त्यानं नाक पुढे केलं, वास घेतला आणि जिलबी ओठांनी उचलली. आयुष्यभर त्यानं कुणाचंच नाकारलं नव्हतं, तेव्हाही नाकारलं नाही.

"खाल्लं, कनीज," आपा म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "खाल्लं गं त्यानं. माझं पोर वाचणार."

मी पदर सोडला.

जुलूस खोगिराशिवाय पुढे गेला. मागे चादरीचा आडोसा करून, तालुक्याहून बोलावून आणलेल्या त्यागीसाहेबांनी शेवटची सुई भरली. ह्यांचा हात त्या सुजलेल्या गालावर होता. वफादारच्या ओठांना अजून दूध लागलेलं होतं, ते ह्यांनी आपल्या बाहीनं पुसलं आणि मग डॉक्टरांना मान हलवून हो म्हणाले.