निखारेवालीचा फेस

"निघाली! निघाली!" हॉलभर एकच गलका उठला. खुर्चीतल्या माणसाच्या तोंडातून पांढरा फेस हनुवटीवर ओघळला. त्याने दणदणीत ढेकर दिला आणि छातीवर हात ठेवून तो रडायलाच लागला. "विझलं! बाबा, विझलं!"

तो गर्दीत उभ्या असलेल्या, शाळेत रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा सख्खा थोरला भाऊ. बस ड्रायव्हर. बाईंना फेसाची किळस होतीच, पण त्याहून जास्त खुर्चीशेजारच्या मांत्रिक बाबाच्या गोड हसण्याची.

"छातीत निखारेवाली बसते, तीच जळजळ करते," बाबा गर्दीला सांगत होता. "गोळ्यांनी ती चिडते. गोळ्या सोडा! जिभेवर ही रक्षा, वर हे मंतरलेलं पाणी. फेस होऊन पळते की नाही बघा!"

पाण्याचा तांब्या सगळ्यांना एकच. तोंड पुसायचं फडकंही एकच, चिकट, आंबूस वासाचं.

दादाने महिन्यापूर्वीच जळजळीच्या गोळ्या बंद केल्या होत्या. आता त्याच्या घशात घास अडकायचा. "निघताना ती अडते गं," असं तोच समजावून सांगायचा.

बाई रांगेत शिरल्या. हातावर मिळालेली चिमूट त्यांनी तोंडात न घालता टेबलावरच्या बशीत टाकली आणि वर तांब्यातलं पाणी ओतलं. बशी फसफसली.

"बाबा, या बशीच्या छातीत कोण बसलंय?"

"रक्षा कोपेल, बाई!"

"खायचा सोडा कसला कोपतोय! पाण्यात लिंबू पिळलंय. दोन्ही भेटले की वायू सुटतो, फेस येतो, ढेकर येतो. सोडा पोटातलं आम्ल घटकाभर मारतो, तेवढंच बरं वाटतं."

"पण माझी जळजळ खरी आहे!" दादा ओरडला.

"खरीच आहे, दादा. उपाशीपोटी चार कप चहा, ड्युटीवर कॉफी, तळलेलं, वर चॉकलेट, आणि जेवलास की लगेच आडवा. आम्ल अन्ननलिकेत चढणार नाही तर काय?"

दादाने बाहीने हनुवटी पुसली. मग हळूच म्हणाला, "आणि घास अडकतो तो?"

"त्यासाठी आत्ताच्या आत्ता डॉक्टर."

डॉक्टरांनी घशातून दुर्बीण घालून पाहिलं, तर अन्ननलिकेत जखमा होत्या आणि ती आकसत चालली होती. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. दादा सावरला, पण त्याला चार महिने लागले.

छाती जळली तर आधी आपल्या ताटात आणि कपात बघा. कुणाला चहा बाधतो, कुणाला टोमॅटो. ज्याचं त्याने ओळखावं. घास अडकू लागला तर एक दिवसही न दवडता डॉक्टर गाठा. आणि तोंडातून फेस काढून दाखवणारा भेटला, तर टाळ्या वाजवण्याआधी त्याला विचारा, "आत काय घातलंस?"