मापाचं भाडं

कॉलेजच्या जिवावर जगणाऱ्या त्या छोट्याशा गावात भाडी इतकी आवाक्यातली होती की शिकवण्याच्या नोकरीवर रुजू होण्याआधी मी खोलीच पक्की केली. दोन खिडक्या, दोन खाटा सहज मावतील एवढी लांबी, स्वयंपाकाला वेगळा कोपरा. आई तेव्हा दादाकडे जिन्याखालच्या बोळात झोपत होती, आणि 'जागेची अडचण आहे हो' हे वहिनीचं वाक्य आम्हा दोघींना पाठ झालं होतं. आईला इथे आणायचंच, मग कुणी काही म्हणो, एवढं ठरवूनच मी आले होते.

घरमालक खाली राहत. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. बोलताना त्यांची नजर समोरच्याच्या तोंडापेक्षा खांद्यांवर जास्त असे. मला एकदा वरपासून खालपर्यंत पाहून त्यांनी भाडं सांगितलं. "दर महिन्याला जेवढं बसेल तेवढंच घेईन. मापात पाप करत नाही मी."

दुसऱ्या महिन्यात त्यांनी माझ्या हातात काही नोटा परत ठेवल्या, तिसऱ्या महिन्यात आणखी. मी खूश झाले, खोटं कशाला बोलू. त्या पैशांतून आईसाठी खाट आणि जाड गादी आली. स्टाफरूममध्ये सांगितलं, तर गणिताच्या बाई म्हणाल्या, "नशीब काढलंत!" आणि बोलता बोलता माझ्यासमोरचा चहा त्यांनी स्वतःकडे ओढून घेतला.

त्याच सुमारास ग्रंथालयात एक मुलगी माझ्या मांडीवर बसायचीच राहिली. "अय्या, सॉरी मॅडम!" पुढच्या आठवड्यात दुसरी तशीच बसायला आली, मी घाईनं उठले, आणि ती त्याच खुर्चीत बसून वाचू लागली. लहानपणापासून मी अंग चोरूनच वावरत आले आहे, तेव्हा दोष मी स्वतःलाच दिला. पण मग एका सकाळी मालक वरच्या मजल्यावरच्या उघड्या दारात उभे राहून कुणाशी तरी आदबीनं बोलताना दिसले. आत टापटीप खोली होती, टेबलावर वाफाळता कप होता आणि मागे सरकवलेली खुर्ची होती; माणूस मात्र कुणीच दिसत नव्हता.

"कोण राहतं इथे?" मी विचारलं.

"जुने प्राध्यापक आहेत. फार सज्जन. त्यांच्याकडून आता काही घेत नाही मी."

त्या दिवसापासून मी हट्टाला पेटले. खोकी उघडली, भिंतीत खिळे ठोकले, टेबल मधोमध ओढलं, बेसूर गाणी मोठ्यानं म्हटली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात शिकवू लागले. पहिल्या तारखेला पूर्ण भाडं मोजून मालकांपुढे धरलं. त्यांनी खोलीभर पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अर्ध्याहून जास्त नोटा परत केल्या.

"पसारा खूप मांडलात," ते हळुवारपणे म्हणाले, "पण पसाऱ्याचं भाडं नसतं."

भीती वाटली. चांगलीच वाटली. सामान बांधायलाही घेतलं होतं, पण खोली सोडली असती तर आई त्या बोळातच राहिली असती. मी सामान पुन्हा सोडलं आणि दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन आले.

आईनं दोन्ही खिडक्या उघडल्या, नव्या गादीवर हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "केवढी ऐसपैस आहे गं!" मला रडू आलं. तेवढ्यात मालक वर आले, आईच्या खांद्यांकडे त्यांनी नजर टाकली आणि परत केलेल्या नोटा मी पुन्हा पुढे धरताच त्या निमूटपणे खिशात घातल्या. पहिल्या महिन्यानंतर प्रथमच त्यांनी पूर्ण भाडं घेतलं. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

"एकट्याच राहणार ना?" त्यांनी आईला विचारलं.

आई हसली. "एकटी कशी? लेक आहे ना माझी!" असं म्हणत तिनं न बघताच, इतकी वर्षं ठेवत आली तसा, माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो माझ्या खांद्याच्या वीतभर वरच थांबला आणि तिथेच, हवेत, मायेनं थोपटत राहिला.

मी टाचा उंचावल्या, आणि तशीच उभी राहिले.